मदतनीस कुत्रा: तीन लाख वीस हजारांत नेमकं काय येतं?

पत्र

आम्ही मिरजेत राहतो. मुलगा 23 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, पाठीच्या कण्याला मार लागला आणि तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. त्याच अपघातात उजवं मनगट मोडलं होतं, त्या हाताची पकड अजून कच्ची आहे. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे साडेदहा ते साडेपाच तो घरात एकटा असतो. मोबाइल, किल्ली, रिमोट खाली पडला की आम्ही येईपर्यंत तसाच. एकदा खुर्चीतून घसरला आणि दोन तास फरशीवर होता. पुतण्याने सर्व्हिस डॉगचं, म्हणजे मदतनीस कुत्र्याचं, सुचवलं. एका प्रशिक्षकाने आठ महिन्यांचे 3 लाख 20 हजार सांगितले आहेत. कुत्रा त्यांचाच, ठेवणं-खाणं त्यांच्याकडे, शेवटी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देणार. निम्मे पैसे आधी. ही रक्कम रास्त आहे का? घरी शिकवलं तर किती लागतील? – एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही दोघं आहात, पुतण्या आहे, प्रशिक्षक आहे. मुलाला स्वतःला कुत्रा हवाय का, हे कुठेच आलेलं नाही. आधी ते विचारा. कुत्रा ज्याच्या हातून खातो आणि ज्याच्या आवाजावर वाढतो, त्याच्यासाठी काम करतो. मुलाला मनातून नको असेल तर महिन्याभरात तो कुत्रा तुमचा होईल, आणि तुम्ही तर साडेदहाला घराबाहेर पडता. पुढचं सगळं त्याला शेजारी बसवूनच वाचा.

आता रक्कम. ती रास्त आहे का, हे तासांवर ठरतं, आणि तुम्हाला सांगितलेल्या आकड्यात तासांचा पत्ताच नाही. आपणच मांडून बघू. कुत्र्याचे 30 हजार धरा, लसी-औषधपाण्याचे 15 हजार. ठेवण्या-खाण्याचे दिवसाला 400 रुपये धरले तर 240 दिवसांचे 96 हजार. हे 1 लाख 41 हजार वजा केले की 1 लाख 79 हजार उरतात. ती झाली शिकवणी. प्रशिक्षक महिन्याचे 25 दिवस रोज खरोखर तासभर तुमच्या एकट्या कुत्र्याला देणार असेल, तर आठ महिन्यांत 200 तास भरतात आणि तास साधारण 900 रुपयांना पडतो. हे वाजवी आहे. रोज वीसच मिनिटं देणार असेल तर 67 तास होतात आणि तोच तास 2,700 रुपयांच्या घरात जातो. म्हणून त्यांना साधा प्रश्न विचारा: एका वेळी तुमच्याकडे कुत्रे किती असतात आणि शिकवणारी माणसं किती? बारा कुत्रे आणि एक माणूस असेल, तर रोजचा तास निघणारच नाही, तोंडाने काहीही सांगोत.

मुळात तास लागतात किती? परदेशात मालकाने स्वतः शिकवलेल्या मदतनीस कुत्र्यासाठी बरीच वर्षं धरला गेलेला किमान आकडा आहे 120 तास, किमान सहा महिन्यांत पसरलेले, त्यातले 30 घराबाहेरचे. हा किमान आहे. घरच्या माणसांनी शिकवायचं तर दिवसाला 40 मिनिटं, महिन्याला 25 दिवस, असे दीड वर्ष धरा. 300 तास होतात. अमेरिकेत एका कुत्र्यामागे 15 ते 50 हजार डॉलर असे आकडे सर्रास सांगितले जातात, ते ऐकून घाबरू नका. त्यात नापास झालेल्या कुत्र्यांचा खर्चही घुसलेला असतो. तिथल्या मुरलेल्या संस्था स्वतःच पैदास करतात, पिढ्यान्‌पिढ्या निवड करतात, तरी त्यांची बरीच पिल्लं, काही ठिकाणी निम्मीसुद्धा, कामापर्यंत पोचत नाहीत. कोणाला आवाजाची भीती, कोणाचा खुब्याचा सांधा खराब, कोणाचं लक्ष मांजरात.

निम्मे पैसे आधी द्यायला आमचा विरोध आहे तो याच कारणाने. कुत्रा नापास होण्याचा धोका खरा आहे, आणि आगाऊ दिलेल्या 1 लाख 60 हजारांसकट तो सगळा तुमच्या पदरात पडतो.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यादीतून काढायला सांगा आणि त्याचे पैसे कमी करून घ्या. भारतात सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदणी नाही, परीक्षा नाही, त्यामुळे सरकारमान्य प्रमाणपत्र असं काही अस्तित्वातच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यता, म्हणजे अडथळ्याविना जाता-येता येणं, आहे, पण मदतनीस कुत्र्याला दुकानात, एसटीत, दवाखान्यात घेतलंच पाहिजे असं कलम त्यात नाही. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने तसं बंधन आहे. आणि गंमत म्हणजे तो कायदाही प्रमाणपत्र मागत नाही, कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागतो का आणि कोणतं काम करतो एवढंच विचारू देतो. गळ्यात कार्ड आणि पाठीवर लाल जाकीट घातल्याने तुमच्या मुलाला मिरजेत एकही दार जास्त उघडणार नाही.

यात तुमचा फायदाच आहे. बाजारात, हॉटेलात, गाडीच्या गर्दीत शांत बसायला शिकवणं हा सगळ्यात वेळखाऊ आणि महागडा भाग असतो. तुमची अडचण साडेदहा ते साडेपाचची आहे, चार भिंतींच्या आतली आहे. घर, अंगण, गल्ली, रिक्षा आणि जनावरांचा दवाखाना, एवढ्यापुरता कुत्रा तयार करा. बाकीचं पुढे जमलं तर जमलं.

त्याआधी एक महिना कुत्र्याशिवाय काढा. वही घ्या आणि मुलाला रोज लिहू द्या: आज काय अडलं, किती वेळा, किती वेळ. मग त्यातलं जेवढं साध्या वस्तूने सुटतं तेवढं सोडवून टाका. चिमटा असलेली उचलायची काठी पाच-आठशे रुपयांत मिळते; डाव्या हाताने दाबता येईल अशी घ्या. मोबाइलला गळ्यातली दोरी, दिवे-पंख्याला आवाजावर चालणारा प्लग, किल्ल्यांना खुर्चीच्या हाताला बांधलेली स्प्रिंगची साखळी. पाच-साडेपाच हजारांत हे सगळं होतं. दिव्याची बटणं कुत्र्याला शिकवायचा नाद मात्र करू नका. परदेशातल्या चित्रफितींत कुत्रा पंजाने दिवा लावतो, पण आपले बोर्ड साडेचार फुटांवर, बटणं बोटाएवढी; भिंत ओरबाडली जाते, बोर्ड सैल होतो आणि विजेचा धोका राहतो.

वहीत शेवटी जे उरेल ते कुत्र्याचं काम. तुमच्या पत्रावरून तीन गोष्टी उरतील असं वाटतं: पडलेली वस्तू उचलून मांडीवर देणं, दोरी ओढून दार उघडणं, आणि मुलगा पडला तर शेजाऱ्यांना कळवणं. तीन कामं पुष्कळ झाली. कोणी वीस कामं शिकवतो म्हणालं तर कामाला दर लावून बसलाय असं समजा.

एक काम कोणीही कितीही पैसे घेऊन शिकवलं तरी करून घेऊ नका: कुत्र्याने खुर्ची ओढणं किंवा मुलाने उठताना त्याच्या पाठीवर भार देणं. तीस किलोच्या कुत्र्याचे खांदे आणि पाठ माणसाचं वजन पेलायला केलेले नाहीत, आणि आपल्या रस्त्यांवरच्या गतिरोधकाला ओढलेली खुर्ची पुढे कलंडते. तसाच पट्टा खुर्चीला कधीही बांधायचा नाही. गल्लीतलं मोकाट कुत्रं अंगावर आलं की आपला कुत्रा झटका देतो, आणि खुर्ची आडवी.

कुत्रा कोणता? पिल्लू घेण्याचा मोह होतो, पण तुमच्या घराला साधारण वर्ष ते दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर बरा. या वयात स्वभाव दिसतो, चावाचावी संपलेली असते, खुब्याचा एक्स-रे काढता येतो, आणि पिल्लाचं एक वर्ष वाचतं. एक्स-रे गुंगी देऊन, पाय सरळ ताणूनच काढायला हवा. जागेपणी कसाबसा काढलेला उपयोगाचा नाही. पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा चांगल्या खासगी दवाखान्यात खुबा, कोपर, हृदय आणि रक्त तपासूनच सौदा पक्का करा. पाच-सहा हजार जातील. खराब खुब्याचा कुत्रा चार वर्षांनी लंगडायला लागतो आणि तोवर त्याच्यावर 300 तास घातलेले असतात.

पिल्लूच घ्यायचं ठरलं तर आठ आठवड्यांच्या आत घेऊ नका. 2017 च्या पैदास नियमांत त्याआधी विक्रीला मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. जत-आटपाडीकडचं कोणी ओळखीचं ‘घरचं कारवानी देतो, पैसे नकोत’ म्हणेल. कुत्रा देखणा, काटक, आपल्या उन्हाला सरावलेला. पण ती जात नजरेने शिकार हेरणारी. हललेलं काही दिसलं की तिचे कान बंद होतात, आणि तुमचा मुलगा मागे धावू शकत नाही. प्रेमाने नाही म्हणा. शांत स्वभावाचा, माणसाच्या मागे फिरणारा गावठी कुत्रा चालेल. तिथे जातीपेक्षा तो एकटा कुत्रा कसा आहे हे बघायचं.

बघायचं कसं? मुलगा खुर्चीत बसलेला असताना कुत्रा मोकळा सोडा. पाठीमागे स्टीलचं ताट पाडा. दचकला तर हरकत नाही. पाच-दहा सेकंदांत सावरून ताट हुंगायला आला पाहिजे. कोपऱ्यात जाऊन बसला आणि येईनाच, तर तो नको. मग कागदाचा बोळा करून टाका. धावत जाऊन तोंडात धरणारा आणि घेऊन तुमच्याकडे वळणारा कुत्रा निम्मं काम शिकूनच आलाय असं समजा. बोळा घेऊन पलंगाखाली जाऊन गुरगुरणारा नको. शेवटी खुर्ची हळू त्याच्याजवळून न्या. चाकाला घाबरतो की चाकावर भुंकतो, तेही कळेल.

शिकवण्याकडे येऊ. वस्तू उचलून देणं वरवर सोपं दिसतं आणि घरोघरी इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दोन आठवडे मोबाइल दिसलाच नाही पाहिजे. सहा इंचांचा लाकडी तुकडा घ्या, त्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा. मुलगा खुर्चीत, कमरेला खाऊची पिशवी, खाऊचे तुकडे हरभऱ्याएवढे: उकडलेलं चिकन, पनीर किंवा त्याच्याच रोजच्या खाण्यातले दाणे. लाकूड कुत्र्याच्या नाकासमोर धरायचं. हुंगलं की लगेच ‘हां!’ आणि खाऊ. हे जमलं की हुंगण्याला खाऊ बंद. दात लागले तर ‘हां!’. मग अर्धा सेकंद धरलं तर. मग एक, दोन, चार, असं दहा सेकंदांपर्यंत. चूक होते ती अशी: खाऊचा हात आधी पुढे येतो, कुत्रा लाकूड टाकून हाताकडे वळतो, आणि ‘टाकलं की मिळतं’ हे पक्कं होतं. ‘हां’ हा शब्द लाकूड तोंडात असतानाच यायला हवा. पिशवीत हात त्यानंतर.

मोजायचं दहाच्या हिशेबात. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं तर पुढची पायरी, पाच किंवा कमी आलं तर मागची. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून सहा-आठ वेळा. सलग अर्धा तास शिकवलं तर कुत्रा जांभया देतो, जमीन हुंगतो, आणि लोक त्याला आळशी ठरवतात.

धरणं पक्कं झालं की लाकूड फरशीवर, मग हातभर लांब, मग कुत्र्याची हनुवटी मांडीवर टेकल्यावरच ‘हां’. मग वस्तू बदला: मोज्यात घातलेला रिमोट, रिकामी प्लास्टिकची बाटली, लाकडी चमचा. धातू दातांना लागलेला बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याला कापड गुंडाळायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी बोटभर कमी करायचं. मोबाइल सगळ्यात शेवटी. सपाट आणि गुळगुळीत वस्तू फरशीवरून दातांत येत नाही. कुत्रा पंजाने ढकलत भिंतीपर्यंत नेतो आणि चिडतो. बंद पडलेला जुना मोबाइल घ्या, जाड रबरी कव्हर घाला, कव्हरला चार बोटं लांबीची नाडी ओवा आणि कुत्र्याला नाडी धरायला शिकवा. तो दहापैकी नऊ वेळा आला की खऱ्या मोबाइलला तसंच कव्हर.

आज्ञेच्या शब्दांबद्दल एक बारीक गोष्ट. प्रशिक्षक ‘सिट’, ‘स्टे’ असे इंग्रजी शब्द वापरतात, त्यात फॅशनच असते असं नाही. मराठी घरात ‘बस’ दिवसातून पन्नास वेळा येतो: बस झालं, बस आली, बस की जरा. कुत्र्याने किती वेळा बसायचं? ‘आण’चंही तेच. मराठीच हवं असेल तर आधी कुत्र्याचं नाव आणि मग आज्ञा, हा नियम घरात सगळ्यांनी पाळा, पाहुण्यांनीसुद्धा.

शेजाऱ्यांना कळवण्याचं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण दोन तास फरशीवरची गोष्ट त्याने सुटते. बिनतारी दारघंटी पाच-आठशेला येते. तिचं बटण तळहाताएवढं मोठं असलेलं घ्या आणि भिंतीवर फरशीपासून दीड फुटावर चिकटवा. वाजणारी पेटी शेजारच्या घरी द्या. डब्यावर शंभर मीटर लिहिलेलं असलं तरी मध्ये दोन भिंती आल्या की अंतर बरंच घटतं, तेव्हा घेण्याआधी वाजवून बघा. आधी तळहाताला नाक लावायला शिकवा, मग तळहातात धरलेल्या डब्याच्या झाकणाला, मग ते झाकण बटणावर चिकटवून, मग भिंतीवर, मग दोन फुटांवरून, मग दुसऱ्या खोलीतून. शिकवताना पेटी शेजारी नको, सेल काढून ठेवा, नाहीतर शेजारच्या काकू पहिल्या आठवड्यातच हात जोडतील. आज्ञा नसताना दाबलं तर खाऊ अजिबात नाही, नाहीतर ‘वाजवलं की माणूस येतो आणि खाऊ देतो’ असा त्याचा धंदा सुरू होतो आणि खऱ्या वेळी कोणी धावत नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. मुलाने फरशीवर, गादी अंथरून, आडवं पडून आज्ञा द्यायची. खुर्चीतल्या माणसाची आज्ञा पाळणारा कुत्रा आडव्या माणसाला पाहून तोंड चाटतो, त्याच्या अंगावर चढतो, खेळायला लागतो. त्याच्या लेखी तो प्रसंगच वेगळा आहे. हे महिनाभर, आठवड्यातून तीनदा करून घ्या. त्यानंतरही दर पंधरा दिवसांनी एकदा, आणि घंटीचा सेल दर महिन्याला तपासून.

प्रशिक्षकाकडे आठ महिने ठेवलेल्या कुत्र्याची खरी अडचण हीच असते. तो उभ्या, ठणठणीत माणसाकडून, मोकळ्या मैदानात शिकतो. तुमच्याकडे आल्यावर बसलेला माणूस, वेगळा आवाज, फरशी, कुकरची शिट्टी. पहिले दोन आठवडे त्याला काहीच येत नाही असं वाटतं. म्हणून हस्तांतराच्या वेळी प्रशिक्षक तुमच्या घरी येऊन किमान दहा-बारा वेळा मुलासोबत शिकवणार का, हे आधी ठरवून घ्या. तुमच्या आकड्यात ते दिसत नाही.

आता तुमच्या घरापुरते धोके. यातले दोन जिवावरचे आहेत.

मुलाला स्नायू आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील. कण्याच्या दुखापतीत बऱ्याच जणांना असतात. ती गोळी कुत्र्याला फार विषारी आहे. पडलेलं उचलायला शिकवलेल्या कुत्र्यासमोर गोळी पडली तर ती तोंडात जाणारच. सुटी गोळी मांडीवर काढायची नाही, टेबलावर ताटात काढायची, आणि ‘सोड’ ही आज्ञा सगळ्यात आधी शिकवायची. दुसरा धोका सांगली जिल्ह्याचा खास: द्राक्षं आणि बेदाणे. थोडेसेही काही कुत्र्यांचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही. तासगावहून बेदाण्याची पेटी आली की आपण येता-जाता मूठभर तोंडात टाकतो, शिऱ्यात-लाडवात घालतो, मुलं कुत्र्यालाही देतात. पेटी वरच्या फळीवर. खाल्लेच तर उलटी होते का बघत बसू नका, तासाभरात डॉक्टरकडे.

कमरेखाली संवेदना नसेल तर कुत्र्याची नखं लागलेली मुलाला कळणार नाहीत. मांडीवर पंजे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून नको, फक्त हनुवटी. नखं दर पंधरा दिवसांनी कापा, आणि रात्री मांड्या-पोटऱ्यांची कातडी बघताना ओरखडे शोधा. लघवीची नळी असेल तर ती पँटच्या आत, पिशवी पायाला बांधलेली. दोरी ओढायला शिकलेल्या कुत्र्याला लोंबती नळी म्हणजे दोरीच.

गोचीड आपल्याकडे बारा महिने. गोचीडताप एकदा झाला की महिनाभर काम बंद आणि चार-पाच हजारांचा खर्च, म्हणून कुत्र्याची गोचिडाची गोळी चुकवू नका. रेबीजची लस दरवर्षी, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही दरवर्षी आणि पावसाळ्याआधी. 2005, 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर तुम्ही पाहिलाय, त्या पाण्यातून हा आजार येतो. घर पूररेषेत असेल तर कुत्र्याला उचलून घेऊ देण्याची आणि तोंडाला जाळी लावून घेण्याची सवय आधीच लावा. होडीत ती शिकवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये फिरवणं सकाळी आठच्या आत. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजतात.

घरी शिकवण्याचा खर्च असा बसतो; दर तुमच्याकडे विचारून बदलून घ्या. प्रशिक्षक घरी येऊन एका भेटीचे 900 रुपये धरले आहेत. पहिले चार महिने पाया: बसणं, थांबणं, सोडणं, खुर्चीच्या बाजूने सैल पट्ट्याने चालणं, चटईवर शांत पडून राहणं. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन भेटी, नंतर एक, अशा 20 भेटी, 18 हजार. पुढचे आठ महिने कामं: महिन्याला तीन, एकूण 24 भेटी, 21,600. शेवटचे सहा महिने पक्कं करण्याचे, मिळून 9 भेटी, 8,100. शिकवणी झाली 47,700 रुपये. बाकी तास मुलाचे, आणि त्याच्याकडे दिवसाचे सात आहेत.

याशिवाय कुत्रा 25 हजार, तपासण्या 6 हजार, पिंजरा, पट्टे, घंटी वगैरे 8 हजार, आणि आधीच्या महिन्यातल्या साध्या वस्तू साडेपाच हजार. पोसण्याचा खर्च लोक धरतच नाहीत. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 350 ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला साडेदहा किलो. गोचिडाची गोळी, लसी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, असे मिळून महिना 6 हजार. दीड वर्षाचे 1 लाख 8 हजार. सगळी बेरीज 2 लाखांवर 200 रुपये. आणि कुत्रा पुढे सात-आठ वर्षं काम करतो, दरमहा 6 हजार चालूच. आठ वर्षांचे 5 लाख 76 हजार होतात. तीन लाख वीस हजारांवर रात्रभर विचार करताना हा आकडा आधी विचारात घ्या, कारण तो दोन्ही वाटांनी द्यावा लागणार आहे. महापालिकेत पाळीव कुत्र्याच्या परवान्याचं विचारून टाका, ते किरकोळ आहे. तुमच्यापैकी कोणी जुन्या करपद्धतीत असेल तर दिव्यांग अवलंबितासाठी 75 हजारांची, आणि 80 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते, कुत्र्यावर खर्च करा वा न करा. घेत नसाल तर यंदापासून घ्या.

चार महिन्यांनी थांबून परीक्षा घ्या. खुर्चीच्या बाजूने दहा मिनिटं पट्टा न ताणता चालतो का? पडलेला पोळीचा तुकडा ‘सोड’ म्हटल्यावर सोडतो का? घरात दोन तास चटईवर पडून राहतो का? ताट पडल्यावर सावरतो का? लाकूड दहापैकी आठ वेळा मांडीवर देतो का? यातल्या दोन गोष्टी अडल्या तर महिनाभर अजून द्या, आणि तरी अडल्या तर पुढे पैसे घालू नका. तो घरचा लाडका कुत्रा म्हणून राहील. तोवर शिकवणीचे 18-20 हजारच गेलेले असतील. परत दुसरा कुत्रा बघायचा की काठी आणि घंटीवरच भागवायचं, हे तेव्हा मुलगा ठरवेल.

तरीही प्रशिक्षकाकडेच द्यायचं ठरलं, आणि दोघांच्या नोकऱ्या बघता ठरू शकतं, तर पैसे हप्त्यांत बांधा. कुत्रा निवडून एक्स-रे चांगला आल्यावर 50 हजार. वरची चार महिन्यांची परीक्षा तुमच्यासमोर झाल्यावर 80 हजार. मांडीवर वस्तू देणं आणि घंटी मुलाच्या आज्ञेवर झाल्यावर 1 लाख. उरलेले 90 हजार कुत्रा घरी येऊन तीस दिवस काम केल्यावर. कुत्रा नापास झाला तर दुसरा कोणाच्या खर्चाने, हे स्टँपपेपरवर लिहून घ्या. आठ महिने तो तिकडे असताना मुलाने आठवड्यातून एकदा तिथे जाऊन स्वतः शिकवायचं, हेही त्यात घाला. काटेरी किंवा आवळणाऱ्या साखळ्या वापरत असतील तर नाही म्हणा. दयामाया बाजूला ठेवली तरी त्यात व्यवहाराची अडचण आहे: चुकलं की झटका बसतो हे शिकलेला कुत्रा स्वतःहून काही करून बघत नाही, आणि ज्या दिवशी मुलगा आडवा पडून आज्ञा देईल त्या दिवशी तुम्हाला करून बघणाराच कुत्रा हवा असेल.

जागा बघायला जाताना न कळवता जा, संध्याकाळी खाण्याच्या वेळेच्या आधी, आणि मुलाला बरोबर न्या. व्हीलचेअर आत आल्यावर तिथले कुत्रे काय करतात ते बघा. प्रशिक्षक बोलताना तुमच्याकडे बघून बोलतो की त्याच्याकडे, तेही.